आखातातून वसईला कायमचं परतताना: चर्च, शाळा, सातबारा आणि पैसा

परतायचं ठरलं की बहुतेक घरांतून पहिला फोन कार्गोवाल्याला जातो. सोफा न्यायचा की विकायचा यावर आठवडाभर काथ्याकूट होतो, आणि धाकट्याच्या बाप्तिस्म्याचा दाखला मात्र कुवेतच्या चर्चच्या कपाटातच राहून जातो. सोफा वसईत कुठेही मिळतो. तो दाखला इथे बसून मागवायचा म्हणजे ईमेल, अधिकारपत्र, ओळखीच्या कुणाला तरी सुटीच्या दिवशी पाठवणं, असा सगळा खटाटोप.

हा लेख दुबई, मस्कत, कुवेत, दोहा अशा ठिकाणी दहा-पंधरा वर्षं काढून वसईच्या गावी परतणाऱ्या कॅथलिक कुटुंबांसाठी आहे. कॅनडा किंवा इंग्लंडहून येणाऱ्यांना यातला निम्मा भाग लागू पडेल. त्यांच्या मुलांच्या नागरिकत्वाचा विषय वेगळा, त्याबद्दल खाली सांगितलं आहे. क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे, कारण काही कामं तिथे असतानाच होतात, काही इथे आल्यावरच होतात, आणि एक काम, भावंडांशी बोलण्याचं, विमानात बसण्याआधी व्हायला हवं.

तिथल्या चर्चमधून काय काय घ्यायचं

आखातात चर्च थोडी आणि माणसं फार. दुबईत ऊद मेथाचं सेंट मेरीज, कुवेत सिटीतलं होली फॅमिली कॅथीड्रल, मस्कतला रुवीमधलं पीटर आणि पॉल यांचं चर्च. एकेका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या कक्षेत, हजारो देशी-विदेशी कुटुंबं येतात-जातात. यूएई, ओमान आणि येमेन दक्षिण अरेबियाच्या व्हिकॅरिएटखाली, म्हणजे चर्चच्या प्रशासकीय विभागाखाली, येतात. कुवेत, बहरीन, कतार आणि सौदी उत्तर अरेबियाच्या. तुमच्या मुलाची नोंद नेमकी कुठल्या चर्चमध्ये आहे हे पंधरा वर्षांनी आठवणं सोपं नसतं.

प्रत्येक मुलासाठी बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तशरीर आणि दृढीकरण यांचे दाखले शिक्का-सहीनिशी घ्या. शिवाय धर्मशिक्षणाच्या वर्गाचं पत्र घ्या: मूल कोणत्या इयत्तेपर्यंत आलं, प्रथम ख्रिस्तशरीराची तयारी कुठवर झाली. हे पत्र नसेल तर इथले फादर मुलाला पुन्हा पहिल्यापासून बसवू शकतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

दाखल्यावर नोंदवहीचा क्रमांक, पान आणि नोंद क्रमांक लिहिलेले आहेत ना, हे काउंटरवरच बघून घ्या. कारण असं की लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला लागतो, साधारणपणे सहा महिन्यांच्या आतला, आणि तो बाप्तिस्मा जिथे झाला तिथूनच येतो. आज आठ वर्षांची असलेली तुमची मुलगी अठ्ठाविसाव्या वर्षी वसईत लग्न करेल, तेव्हाही पत्र कुवेतलाच जाणार. पान नंबर असला तर उत्तर लवकर येतं.

उलटंही तपासा. तुमचा बाप्तिस्मा वसईत नंदाखालला किंवा गासला झाला असेल आणि लग्न किंवा दृढीकरण आखातात, तर तिथून कळवलेली नोंद गावच्या बाप्तिस्मा वहीत उतरली आहे का? चर्चच्या कायद्याप्रमाणे ती तिथे व्हायला हवी. बऱ्याचदा पत्र पोहोचलेलंच नसतं. सौदीत चर्च नाही, त्यामुळे तिथली कुटुंबं बहुधा सुटीत येऊन वसईतच बाप्तिस्मा उरकतात. त्यांची यातली धावपळ वाचते.

प्रोटेस्टंट कुटुंबांनी, मग ती अहिल्यानगरची असोत की पुण्याची, मंडळीकडून सभासदत्वाचं पत्र घ्यावं. त्याशिवाय इथल्या मंडळीत मतदार-यादीपासून लग्नापर्यंत सगळीकडे अडतं.

एक सूचना: बाप्तिस्म्याचा दाखला आणि जन्मदाखला यांची गल्लत करू नका. आपल्या आई-वडिलांच्या काळात बाप्तिस्म्याच्या कागदावर जन्मतारीख चालून जायची. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळा, आधार, पासपोर्ट या सगळ्याला जन्मदाखलाच लागतो. आखातात जन्मलेल्या मुलाचा जन्म भारतीय वकिलातीत नोंदवला असेल तर तो कागद सोन्यासारखा जपा.

शाळा: तारीख हीच ठरवते

घर कधी सोडायचं हे कंपनीच्या नोटिशीवरून ठरवू नका, मुलांच्या इयत्तेवरून ठरवा. हाताशी थोडी जरी सवड असेल तरी.

आखातातल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. राज्य मंडळाच्या शाळा इथे जूनच्या मध्यावर उघडतात. मार्चमध्ये परीक्षा संपवून एप्रिलमध्ये आलात तर मुलांना दीड-दोन महिने मोकळे मिळतात, आणि ते फुकट जात नाहीत. मे महिन्याबद्दल पुढे लिहितो. इथे सीबीएसईच्या शाळेत घालायचं असेल तर मात्र वर्ग एप्रिललाच सुरू होतात, तेव्हा प्रवेशाची बोलणी डिसेंबर-जानेवारीतच करा.

नववी-दहावीच्या मध्ये आणि अकरावी-बारावीच्या मध्ये शाळा बदलू नका. मंडळाची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. नंतर बदल करायचा तर परवानग्यांचा डोंगर. मी तर म्हणेन, मूल सातवी-आठवीत असताना या. त्याला एक रोकडं कारण आहे: महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यासाठी, म्हणजे सरकारी महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागांसाठी, साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली असावी लागते, शिवाय अधिवास प्रमाणपत्र. आजोबा, पणजोबा वसईचे असून उपयोग नाही. दहावी मस्कतला झाली की मूल त्या रांगेतून बाहेर पडतं. मग उरतात अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा, नाहीतर अनिवासी भारतीयांचा कोटा, आणि त्या कोट्याची फी ऐकून आखातातला पगारदारसुद्धा खुर्ची धरतो.

मराठी हा दुसरा विषय. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. दुबईत हिंदी किंवा फ्रेंच घेऊन सातवीपर्यंत आलेलं मूल इथे मराठीचं पुस्तक उघडतं आणि रडकुंडीला येतं. निघण्याआधी निदान वर्षभर घरी रोज अर्धा तास बाराखडी आणि वाचन करून घ्या. देवनागरी अक्षरं हिंदीमुळे येत असतील तर अर्धी लढाई जिंकलेली असते. फक्त ‘ळ’ आणि ‘ऱ्य’सारखी काही जोडाक्षरं उरतात.

शाळा सोडल्याचा दाखला तिथल्या शिक्षण खात्याकडून, परराष्ट्र खात्याकडून आणि भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून आणा. ओमान, बहरीन आणि २०२२पासून सौदी अपोस्टिल करारात (एकमेकांची कागदपत्रं एका शिक्क्यावर मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) आहेत, तिथून एका शिक्क्यात काम होतं. कॅनडाही जानेवारी २०२४पासून त्यात आला. यूएई आणि कुवेतमधून मात्र जुन्याच पद्धतीने, एका दारातून दुसऱ्या दारात.

दाखल्यावर धर्माचा रकाना असतो का, असल्यास तिथे ‘ख्रिश्चन’ लिहिलंय का, हेही पाहा. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात आणि ख्रिस्ती संस्थांच्या महाविद्यालयांत अल्पसंख्याक कोटा असतो; तिथे शाळेच्या दाखल्यावरची ही नोंद पुरावा म्हणून लागते. नसेल तर आपल्या चर्चच्या पत्रावर वेळ मारून नेता येते, पण दर वेळी कारकुनाला समजावत बसावं लागतं.

नावांचा घोळ

वसईच्या ख्रिस्ती माणसाची नावं कागदागणिक बदलतात. पासपोर्टवर ‘डिसोझा’ इंग्रजीत सलग लिहिलेलं, आधारवर मध्ये वर स्वल्पविरामाची खूण, शाळेत आणखी तिसरंच. लोपीस आणि लोपेझ. वडिलांचं नाव पासपोर्टवर सेबॅस्टियन, सातबाऱ्यावर बस्त्याव. आजोबा चर्चच्या वहीत पीटर आणि तलाठ्याच्या वहीत पेद्रू. एकाच माणसाची ही नावं आहेत हे आपल्याला दिसतं, संगणकाला दिसत नाही.

आखातातून निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाची सगळी कागदपत्रं जमिनीवर मांडा, शेजारी शेजारी. पासपोर्ट, पॅन, आधार, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, शाळेचा दाखला. एक नमुना निवडा, शक्यतो पासपोर्टवरचा, आणि बाकीचे त्याच्याशी जुळवत आणा. वडील-आजोबांची नावं बदलता येत नाहीत. तिथे ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं, गावातल्या दोन जाणत्या माणसांच्या सह्यांसह. ही जाणती माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. हे काम पुढे ढकलू नका.

घर आणि वाडी: येण्याआधी बोला

परतणाऱ्यांची सगळ्यात मोठी ठेच इथेच लागते, म्हणून जरा लांबण लावतो.

समजा, वडील वारले, आई आहे, तीन भाऊ, दोन बहिणी. वाडी अजून आजोबांच्या नावावर. घर गावी राहिलेल्या भावाच्या नावावर घरपट्टीला लागलेलं, पण वरचा मजला तुमच्या दिनारांवर चढलेला. तुम्ही मनाशी म्हणता, वरचा मजला माझा. भाऊ मनाशी म्हणतो, पंधरा वर्षं आईला दवाखान्यात मी नेलं. दोघंही खरं बोलत असतात, आणि ही वाक्यं पहिल्यांदा उच्चारली जातात ती सामानाचे खोके दारात उतरल्यावर.

कायदा काय म्हणतो ते आधी समजून घ्या. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता वडील गेले तर पत्नीला एक-तृतीयांश. उरलेले दोन-तृतीयांश सगळ्या मुलांना समान. मुलगा-मुलगी भेद नाही, लग्न झालेली-न झालेली भेद नाही. वरच्या उदाहरणातल्या पाच भावंडांना प्रत्येकी दोन-पंधरांश. शेजारपाजारी आणि मालिकांमध्ये ऐकलेला ‘वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क’ आपल्याकडे नाही. वडील हयात असताना ती त्यांचीच, आणि मृत्युपत्राने ते ती कुणालाही देऊ शकतात.

(सासर गोव्यात असेल तर तिथल्या मालमत्तेला हे लागू नाही. गोव्याचा कायदा पोर्तुगीज परंपरेतला आहे, त्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात आणि मुलांचा राखीव वाटा असतो. तिथला वकील वेगळा गाठा.)

मृत्युपत्राबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा. दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला त्यात काही दिलं असेल तर ते देणं रद्द होतं. म्हणजे ज्या जावयाला काही मिळणार आहे त्याचीच सही साक्षीदार म्हणून घेऊ नका. दुसरं, लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न झाल्याबरोबर आपोआप बाद होतं. आखातात जाताना अविवाहित असताना काही लिहून ठेवलेल्यांना हे माहीतच नसतं. तिसरं, भारतीय ख्रिस्ती लोकांना प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टातून सिद्ध करून घेण्याची, सक्ती २००२पासूनच नाही, तेव्हा त्या नावाखाली कुणी मोठी फी सांगितली तर दुसरा वकील बघा.

आता सातबारा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो, आणि डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. आजच, जिथे असाल तिथून, गाव आणि गट नंबर टाकून बघा. आजोबांचं नाव दिसत असेल तर आधी आजोबांच्या वारसांची नोंद, मग वडिलांच्या. अर्ज ई-हक्क प्रणालीवरून किंवा तलाठी कार्यालयात: मृत्यूदाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. यादीत बहिणींची आणि आत्यांची नावं गाळू नका. पूर्वी गाळली गेली असतील तर त्या गप्प आहेत म्हणजे त्यांनी हक्क सोडला असं होत नाही. तशा जमिनीचा बाजारभाव वसईत गेल्या वीस वर्षांत कुठे गेला हे त्यांच्या मुलांना चांगलं ठाऊक आहे.

आत्या किंवा बहीण खरोखर हिस्सा सोडत असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र हवं. तलाठ्यापुढे दिलेला जबाब किंवा स्टँपपेपरवरची घरगुती चिठ्ठी चालत नाही. बहीण परदेशात असेल तर तिने भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करून पाठवावं. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित करून घ्यावं लागतं.

भावाशी बोलायचं कसं? फोनवर नको. येण्याआधीच्या शेवटच्या सुटीत, आई समोर असताना, शक्यतो नाताळ सोडून दुसऱ्या वेळी. सुरुवात अशी करा: “दादा, आईचं तू इतकी वर्षं बघितलंस, ते आम्ही मोजायचं ठरवलं तरी मोजता येणार नाही. पण आता मी येतोय, तर कोण कुठे राहणार ते एकदा कागदावर आणू.” त्यानंतर वर्षाचा खर्च, आईचं औषध, वाडीचं उत्पन्न, विहिरीचा पंप, अशा साध्या गोष्टींपासून सुरू करा. मजल्यापर्यंत आपोआप पोहोचाल. फादरांना मध्यस्थीला बोलवायचं असेल तर पहिल्याच दिवशी बोलवा. भांडण विकोपाला गेल्यावर तेही काही करू शकत नाहीत.

आणखी थोडं. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. शेतजमीन अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला (परदेशी नागरिक असलेल्या मूळ भारतीयाला) विकत घेता येत नाही. वारसाने मिळू शकते. म्हणजे कॅनडाचा पासपोर्ट असलेल्या नातवाच्या नावे आजोबांना वाडीचं बक्षीसपत्र करता येणार नाही. आणि विहीर: वसईच्या पश्चिम पट्ट्यात खारं पाणी आत शिरत चाललंय. लहानपणी गोडं लागलेलं पाणी आजही गोडं आहे असं धरून बाथरूमच्या महागड्या नळांवर पैसे घालू नका, आधी तपासून घ्या.

गावाऐवजी फ्लॅट घेणार असाल तर महारेरा (गृहप्रकल्पांचं सरकारी नियामक प्राधिकरण) नोंदणी, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र तपासा. २०२५च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात ४१ अनधिकृत इमारती पाडल्या, आणि तिथेही लोकांनी रीतसर पैसे मोजूनच घरं घेतली होती.

पैसा

निघताना कर्ज आणि क्रेडिट कार्ड शून्यावर आणा आणि बँकेचं ‘येणे बाकी नाही’ पत्र घ्या. शेवटचा हिशेब खात्यात पडला की काही बँका कर्जापोटी तो अडवून ठेवतात, आणि कुवेतसारख्या ठिकाणी थकबाकीवरून विमानतळावरच थांबवलं जाऊ शकतं. व्हिसा रद्द करताना आधी कुटुंबाचा, मग स्वतःचा.

कायमचं परतलात की फेमा, म्हणजे परकी चलनाच्या कायद्याने तुम्ही लगेच निवासी होता. एनआरई आणि एनआरओ ही अनिवासी भारतीयांची खाती निवासी खात्यात बदलायला बँकेला कळवा. ‘कुणी विचारत नाही’ म्हणून एनआरई तसंच चालवणारे गावोगावी आहेत. त्यांचं व्याज करमुक्त राहत नाही आणि नोटीस येते तेव्हा मागच्या वर्षांसकट येते. एफसीएनआर, म्हणजे परकी चलनातली ठेव मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते. परकी चलन सांभाळायचं असेल तर आरएफसी खातं उघडा.

आयकराचा हिशेब फेमापेक्षा वेगळा. सलग बरीच वर्षं बाहेर राहिलेला माणूस परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षं ‘निवासी पण सामान्यतः अनिवासी’ या वर्गात बसतो, आणि त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही. मागच्या दहांपैकी नऊ वर्षं अनिवासी, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा त्याहून कमी, ही ती कसोटी. पासपोर्टवरचे शिक्के काढून दिवस मोजा. ‘१८२ दिवसांच्या आत आलो तर काळजी नाही’ हे सुटीवर येणाऱ्याचं गणित आहे. कायम परतणाऱ्याला ६० दिवसांची कसोटीही लागू शकते. १ एप्रिल २०२६पासून १९६१च्या जागी नवा आयकर कायदा आला आहे, तेव्हा पहिल्या वर्षीचं विवरणपत्र तरी सीएकडूनच भरा. कर वाचवण्यासाठी ऑक्टोबरनंतर या असं कुणी सुचवलं तर मुलांची शाळा आठवा. माझ्या मते शाळा जिंकते.

ग्रॅच्युइटीची रक्कम हाती आली की गावात सगळ्यांना कळतं. कुणाची पतपेढी, कुणाचा प्लॉट, कुणाची भिशी. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे. पतपेढीतल्या ठेवींना ते नाही. व्याज दीड टक्का जास्त मिळतंय म्हणून आयुष्याची कमाई एका पतपेढीत ठेवू नका, अध्यक्ष दर रविवारी पहिल्या बाकावर बसत असले तरीही. पहिलं वर्षभर मोठी गुंतवणूकच नको.

आरोग्य विमा निघण्याआधी घ्या. कंपनीचा विमा व्हिसाबरोबर संपतो आणि इथल्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते. रक्तदाब, मधुमेह लपवू नका.

सामान

थोडक्यात: दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलेल्यांना घरगुती सामानावर सीमाशुल्काची सर्वांत मोठी सवलत मिळते, पण यादी, किमती आणि पासपोर्ट नीट हवा. मर्यादा आणि सोन्याचे नियम बदलत असतात, बुकिंगच्या आठवड्यात सीमाशुल्काच्या संकेतस्थळावर पाहा. आखातातली विजेची उपकरणं बहुतेक चालतात, पिन बदलावी लागते. कॅनडाची १२० व्होल्टची नाहीत. पुस्तकं, मुलांच्या सायकली, आजीच्या फोटोफ्रेमी आणा. लोखंडी कपाटं नको, वसईची खारी हवा दोन पावसाळ्यांत त्यांना खाते.

आल्यावरचे कागद

आधार: भारतीय पासपोर्टवाल्याला आल्याबरोबर काढता येतं, थांबावं लागत नाही. ओसीआय मुलांना मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावर. वाहन परवाना मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. गाडी काय, तिथे उजवीकडून चालवत होतात, इथे डावीकडून, तेव्हा चाचणी झालेली बरीच. मतदार यादीत नाव परदेशस्थ मतदार म्हणून असेल तर बदलून घ्या, नसेल तर नमुना ६ भरा. पत्त्याचा पुरावा म्हणून घरपट्टी किंवा वीजबिल भावाच्या नावावर असेल तर त्याचं संमतिपत्र लागतं, म्हणजे पुन्हा तेच: आधी बोला.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी भारतीय पासपोर्ट सोडल्याचं प्रमाणपत्र आणि ओसीआय कार्ड दोन्ही जवळ ठेवा. मुलांचं पासपोर्ट-नूतनीकरण झालं की वीस वर्षांच्या वयापर्यंत दर वेळी नवा पासपोर्ट आणि फोटो ओसीआय पोर्टलवर चढवावा लागतो, आणि विसाव्या वर्षानंतरच्या पासपोर्टला एकदा कार्ड नवं करून घ्यायचं.

धर्मग्रामात

धर्मग्राम हद्दीवरून ठरतं. माणिकपूरला फ्लॅट घेतलात तर तुमचं चर्च माणिकपूरचं, जरी कुटुंबाची सगळी माणसं निर्मळच्या दफनभूमीत असली तरी. म्हणून पहिल्या महिन्यातच ठरवा कुठल्या कार्यालयात कुटुंब नोंदवायचं. फादरांना भेटताना दाखल्यांची फाईल आणि राहत्या घराचा पुरावा न्या, आणि जुन्या धर्मग्रामाशी नातं ठेवायचं असेल तर तेही स्पष्ट सांगा. लग्नाची परवानगी, शाळेसाठी शिफारस, दफनभूमी, सगळं त्या नोंदीवर अवलंबून असतं. म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी दफनभूमीचे नियम आत्ताच विचारून ठेवा. प्रसंग आल्यावर विचारायचं म्हणजे बिकट.

मुलांचं काय होतं ते नीट समजून घ्या. दुबईच्या मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, त्यांच्या एका बाजूला फिलिपिनो कुटुंब बसायचं, दुसऱ्या बाजूला केरळचं. उपासना इंग्रजीत, गिटारवर गाणी. इथे पापडीच्या किंवा मर्सेसच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा, सगळे एकमेकांचे नातेवाईक, आणि प्रत्येक जण विचारणार, “तू कुणाची गं?” याचं उत्तर गावाला ठाऊक असतं, तिला ते माहीत नाही. वसईच्या उत्तर भागात आजी घरात कादोडी या तिथल्या बोलीत बोलते, चर्चमध्ये प्रमाण मराठी, शाळेत इंग्रजी. तीन बोली एकदम अंगावर येतात. पोर चर्चला जायला कंटाळलं तर त्याची श्रद्धा गेली असा निष्कर्ष काढून घरात उपदेशाचा पाढा सुरू करू नका. बहुतेक वेळा त्याला प्रवचन कळत नसतं, इतकंच. वसई धर्मप्रांतात काही ठिकाणी इंग्रजी मिस्साही असते. महिन्यातून एकदा तिकडे न्या आणि बाकीच्या रविवारी मराठी.

एप्रिलमध्ये यायला मी का सांगत होतो ते आता. मे महिन्यात वसईच्या गावागावांत संध्याकाळी नाक्यावरच्या क्रुसापाशी जपमाळ होते. आखातात चर्च कुंपणाच्या आत, रस्त्यावर धर्माचं काही दिसणार नाही अशी तिथली रीत. त्यामुळे उघड्या रस्त्यावर चटया टाकून, मेणबत्त्या लावून बसलेली आळी पाहून मुलं आधी बावचळतात. ‘नमो मरिये’ ही प्रार्थना पन्नास वेळा ऐकली की तोंडपाठ होते, पुस्तक न उघडता. शेवटी उकडलेले चणे वाटतात, आणि चणे वाटायचं काम बाहेरून आलेल्या पोरांना द्या असं आळीतल्या एखाद्या काकूला आधीच सांगून ठेवा. वाटताना प्रत्येक जण नाव विचारतो, घराचं नाव सांगतो. शाळा उघडेपर्यंत मुलाला आळीतली दहा-बारा पोरं नावाने ओळखू लागलेली असतात.

बायकांसाठीही वेगळं सांगायला हवं. आखातात नोकरी करणारी नर्स किंवा शिक्षिका इथे आली की अचानक ‘अमक्याची सून’ होते. तिची नोकरी, तिचं खातं, तिच्या नावाचं पॅन आणि तिचा ग्रॅच्युइटीचा हिस्सा वेगळाच ठेवा. नर्सिंगच्या नोंदणीचं नूतनीकरण महाराष्ट्र परिषदेकडे राहून गेलं असेल तर निघण्याआधीच चौकशी सुरू करा, आणि तिथल्या रुग्णालयाचं अनुभवपत्र विभाग, पद व तारखांसह घ्या. नुसतं ‘काम केले’ असं लिहिलेलं पत्र मुलाखतीत कुणी वाचत नाही.